खेळण्यातल्या दवाखान्यात खोडा बसवताना

27 एप्रिल 2025, रविवार

थोरलीचा दिवाळीपासूनचा हट्ट आज पुरा झाला. जनावरांच्या दवाखान्याचा ठोकळ्यांचा संच घरी आला. नवा घ्यायचा तर अडीच हजारांच्या पुढं जात होता, म्हणून मिरजेतल्या एका ओळखीच्या घरचा वापरलेला 600 रुपयांना घेतला. लेगोच्या मापाशी जुळणारे ठोकळे करणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीचा आहे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर 286 तुकड्यांची यादी आहे. जेवणं झाल्यावर सतरंजीवर सगळं ओतून मोजलं, तर 241 भरले. 45 गायब.

मी पशुसंवर्धनाच्या कामात, पशुधन पर्यवेक्षक. आमचं गाव तासगाव तालुक्यात येरळेकाठी. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. पप्पा दिवसभर कुठं असतात आणि कपड्यांना कसला वास घेऊन येतात हे दोघांना चांगलं माहीत आहे. थोरलीला तेच खेळात मांडायचं होतं. वापरलेला, अर्धवट संच घेऊन कुणी काही उभं करणार असेल तर त्याचे पैसे आणि रविवार वाचावेत, म्हणून नोंदी ठेवतोय.

पहिली चूक घेतानाच झाली. तुकडे तिथं बसून मोजायला पाहिजे होते. खोकं हाताला जड लागलं आणि तेवढ्यावर पैसे दिले. छपराच्या दोन पाट्या, खिडकीची एक चौकट, दाराची बिजागरी आणि बऱ्याच चपट्या पट्ट्या नाहीत. डॉक्टरीणबाई, तपासणीचं टेबल, वजनकाटा, कुत्रं, मांजर, ससा शाबूत आहेत.

28 एप्रिल

तुकडे चिकट होते, कशाचं तरी सरबत सांडलेलं असावं. सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी धुवायला काढले. घमेल्यात कपड्याची पावडर टाकली आणि वर बंबातलं कढत पाणी ओतलं. दहा मिनिटांनी हात घातला तर तीन लांब पाट्या पापडासारख्या वाकलेल्या. विटांना काही झालं नाही, त्या आखूड आणि उभट असतात. पातळ आणि लांब तुकड्यांना कढत पाणी सोसत नाही. पाणी कोमट हवं, हात सहज बुडवून ठेवता येईल इतकंच.

वाकलेल्या पाट्या पुन्हा गरम पाण्यात धरून, मऊ झाल्यावर फरशीवर ठेवून वर आईचा पाटा ठेवला. रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी दोन सरळ झाल्या, तिसरीचं एक टोक उचललेलंच राहिलं. ती बाजूला काढली.

1 मे, महाराष्ट्र दिन, सुट्टी

पुस्तिकेप्रमाणे दवाखाना उभा केला. मी आणि थोरली मिळून तीन तास दहा मिनिटं. त्यातला तासभर नुसता तुकडे शोधण्यात गेला. दुसऱ्यांदा करायचं झालं तर आधी रंगांप्रमाणे पाच ताटल्यांत तुकडे वेगळे करीन, मगच पुस्तिका उघडीन.

संचाविषयी माझं मत आज लिहून ठेवतो, नंतर आपल्याच बदलांच्या प्रेमात मूळ वस्तूवर अन्याय व्हायला नको. पुस्तिका उत्तम आहे. एकेका पायरीला तीन-चार तुकडेच, त्यामुळं धाकट्यालाही कळत होती. विटांची पकड चांगली. विटेच्या वर बटणं आणि पोटात पोकळ नळ्या असतात. त्या नळ्यांच्या आणि भिंतींच्या मधे बटण दाबून बसतं, म्हणून पकड येते. लेगोनं याच रचनेचं पेटंट 28 जानेवारी 1958 ला नोंदवलं आणि आजही तीच चालते. वजनकाट्याचा काटा खरोखर हलतो, हे मला सगळ्यात आवडलं. स्टिकर मात्र अगदीच कच्चे. क्ष-किरण फिल्मचा स्टिकर अर्धा सुटला होता, तो काढून थोरलीनं ट्रेसिंग पेपरवर कुत्र्याच्या पायाचं हाड स्वतः काढून लावलं.

वजनकाट्यावरून एक गोष्ट निघाली. थोरलीनं विचारलं, "आपल्या चंद्रीचं वजन किती?" म्हशीसाठी काटा कुठून आणायचा? औषधाचा डोस तर वजनावरच ठरतो. टेप घेऊन दोघं गोठ्यात गेलो. छातीचा घेर 72 इंच, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी 55 इंच. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 300, उत्तर पौंडात. 950 पौंड, म्हणजे 431 किलो. हिशेब तिनं स्वतः केला आणि पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहिला.

4 मे, रविवार

आज खरं काम सुरू झालं. तिनं विचारलं, "पप्पा, चंद्रीला टेबलावर कसं चढवायचं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आधी यायला हवा होता. हा दवाखाना उचलून टेबलावर ठेवता येणाऱ्या जनावराचा आहे. आमच्याकडं येणारी जनावरं म्हणजे म्हशी, गाई, बैल, शेळ्या, जतच्या बाजूनं आलेली माडग्याळ मेंढरं. मोठं जनावर उभ्यानंच तपासायचं, आणि त्याला उभं धरायचं ते खोड्यात, म्हणजे जनावर हलू नये म्हणून केलेल्या खांबांच्या चौकटीत. खोड्याशिवाय त्या दवाखान्यात म्हैस पेशंट म्हणून येऊच शकत नव्हती. ठरवलं, खोडा बांधायचा.

आधी मापं घेतली. खेळण्यातली डॉक्टरीण बरोबर 4 सेंटिमीटर. खरा माणूस साडेपाच फूट धरला, म्हणजे 168 सेंटिमीटर, तर प्रमाण 1 ला 42 येतं. आमच्या दवाखान्यातला लोखंडी पाइपचा खोडा आतून अडीच फूट रुंद, म्हणजे इथं 18 मिलिमीटर. चंद्रीची खांद्यापाशी उंची 134 सेंटिमीटर, म्हणजे 32 मिलिमीटर. वीट 9.6 मिलिमीटर उंच, चपटी पाटी 3.2, तीन पाट्यांची एक वीट. तीन विटा आणि एक पाटी म्हणजे बरोबर 32. हे जुळलं तेव्हा थोरलीनं टाळ्या वाजवल्या.

11 मे, रविवार

खोडा पहिला, फसला.

एक-बटणी विटा एकावर एक चार, असे चार खांब. दिसायला सुबक. धाकट्यानं मधून कुत्रं ढकललं आणि चारही खांब आडवे. पुन्हा दाबून बसवले, पुन्हा पडले. एका बटणावर उभ्या खांबाला आडवा जोर अजिबात पेलत नाही. दर विटेला सांधा, आणि प्रत्येक सांधा एकाच रेषेत.

मग मी दुसरी, जास्त महाग चूक केली. झटपट चिकटणारा गोंद लावला. खांब घट्ट झाले, पण अर्ध्या तासात काळ्या विटांवर पांढरी भुकटी बसल्यासारखा थर आला. या गोंदाची वाफ जवळच्या प्लास्टिकवर बसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शिवाय दोन खांब वाकडे चिकटले ते कायमचेच.

13 मे

पांढरा थर काढायला घरातलं नखपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेऊन पुसलं. थर गेला आणि त्याच्याबरोबर विटेची झिलईही गेली. पृष्ठभाग विरघळून बोटाचा ठसा उमटला. त्या पाण्यात ॲसिटोन असतं आणि हे प्लास्टिक, एबीएस, ॲसिटोनमध्ये विरघळतं. एकूण आठ विटा कामातून गेल्या. जो कुणी हे करतोय त्यानं गोंद आणि ॲसिटोन दोन्ही या कामापासून लांब ठेवावं. गोंदाची गरज पडतेय याचा अर्थ बांधणी चुकलेली आहे.

18 मे, रविवार

विटा कमी पडल्या म्हणून सांगलीला गेलो. गणपती पेठेच्या बाजूला एका दुकानात सुटे ठोकळे वजनावर मिळतात, अर्धा किलो 280 रुपये. पेट्रोल 100.

घरी आल्यावर कळलं, निम्म्या विटा बसतच नाहीत. काही इतक्या ढिल्या की उलटं धरलं की गळतात, काही इतक्या घट्ट की दातानं ओढाव्या लागतात, आणि तसं धाकट्यानं केलंसुद्धा. पुतण्या आयटीआयला आहे, त्याचा व्हर्नियर, बारीक माप घ्यायचं साधन, मागून आणला. दोन बटणांमधलं अंतर 8 मिलिमीटर असायला पाहिजे. आठ बटणांची लांब वीट 63.8 भरते, कारण शेजारच्या विटेला घासू नये म्हणून दोन्ही टोकांना दशांश मिलिमीटर कमी ठेवलेला असतो. आमच्या संचातली 63.8 भरली. सुट्यातली 63.3. अर्धा मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण लांब विटेत चूक साठत जाते. पहिली दोन बटणं बसतात, आठवं बसत नाही. म्हणून या सुट्या विटांतल्या फक्त एक आणि दोन बटणांच्या घेतल्या, लांब सगळ्या परत पिशवीत.

त्या पिशवीवर कसलीही खूण नव्हती. 1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे, ते मी दुकानात उभा असताना विसरलो. शेजारचं दीड वर्षाचं पोर आमच्या अंगणात रांगत असतं. घेतलेल्या विटाही परत पिशवीत घालून ती माळ्यावर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी खूण असलेलं एक छोटं नवं खोकं 499 रुपयांना आणलं. ते आधीच आणलं असतं तर 280 रुपये वाचले असते.

20 मे

आज खोडा उभा राहिला. श्रेय आमच्या गल्लीतल्या गवंडीमामांचं. संध्याकाळी कट्ट्यावर बसले होते, मी पडलेला खांब त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "आरं, सांधेमोड कुठाय ह्याच्यात? सांध्यावर सांधा आला की भिंत न्हाई उभी ऱ्हायची."

चाळीस वर्षं विटांची कामं केलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं. मग त्यांनीच माझ्या मुलांच्या विटा घेऊन करून दाखवलं. खालच्या थरात वीट अशी, वरच्या थरात तिच्या आडवी, म्हणजे वरची वीट खालच्या दोघींना धरून बसते. खांब एका बटणाचा करण्याऐवजी खालचे दोन थर दोन बटणांच्या विटांचे केले. पुढचा आणि मागचा खांब सहा बटणांच्या एका पट्टीनं खाली बांधला आणि तशाच पट्टीनं वर. डावी-उजवी बाजू डोक्यावरून आडव्या पट्टीनं जोडली, खऱ्या खोड्याला कमान असते तशी. आणि महत्त्वाचं म्हणजे खांब पायाच्या पाटीवर नुसते ठेवले नाहीत. बुडातल्या पट्टीवरून दुसरी पट्टी आडवी दाबली, पायात मुंडी रोवल्यासारखी. धाकट्यानं ढकललं, कुत्रं घसरलं, खोडा जागचा हलला नाही. मामा उठताना म्हणाले, "आता म्हस आण."

रुंदीचा प्रश्न राहिला होता. मधे दोन बटणांची जागा सोडली तर 16 मिलिमीटर, म्हैसही दोन बटणं रुंद, म्हणजे घासत आत जाणार. तीन बटणं सोडली तर 24, म्हैस आत वळून उभी राहील. मला मधलं माप हवं होतं. संचात दोन बटणांच्या आकाराची पण मधोमध एकच बटण असलेली चपटी पट्टी असते. तिच्यावर खांब बसवला की तो अर्ध्या बटणानं, म्हणजे 4 मिलिमीटर सरकतो. एका बाजूला त्या पट्ट्या टाकल्या, रुंदी 20 झाली. अशा चारच पट्ट्या संचात होत्या, त्यातल्या दोन रिसेप्शनच्या खुर्च्यांखालून काढल्या.

21 ते 31 मे

काम बंद. यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळला, 25 तारखेला तर मोसमी पाऊस कोकणात उतरला. पावसाळ्याआधीचं घटसर्प आणि फऱ्या या जनावरांच्या रोगांचं लसीकरण सगळं घाईत आलं. रोज गावोगाव, चिखलातून. घरी येईपर्यंत मुलं झोपलेली. एका रात्री बघितलं तर खोड्याशेजारी वहीचं पान होतं, "पप्पा, हलवू नका. सिमेंट ओलं आहे."

1 जून, रविवार

खोडा दवाखान्याच्या आत, डाव्या भिंतीला लावून बसवला होता. जागा तेवढीच होती आणि तिथं तो नीट दिसत होता. फोटो काढून आमच्या पशुधन विकास अधिकारी मॅडमना दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "अहो, पोट फुगलं तर मी कुठं उभी राहू?"

जनावराचं मोठं पोट, कोठी पोट, डाव्या बाजूला असतं. ओला लुसलुशीत लसूणघास पोटभर खाऊन म्हैस फुगली की फुगते ती डावी कूस. थाप मारून बघायची तिथं, आणि वेळ आलीच तर ट्रोकार, म्हणजे टोकदार नळी, घालून वायू मोकळा करायचा तोही तिथूनच. मी नेमकी तीच बाजू भिंतीला टेकवली होती. मागं गर्भतपासणीला उभं राहायलाही जागा नव्हती. रोज जे काम करतो त्यातली गोष्ट, आणि घर मांडताना माझ्या हातून सुटली. नजर भिंतीच्या सुबकपणावर होती.

आमच्या दवाखान्यात खोडा आवारात आहे, लिंबाखाली. तिथंच न्यायचा ठरला. खोलीची डावी भिंत उतरवली, तिच्या विटा आवाराला वापरल्या. दोन तास गेले. संचातल्या हिरव्या पानांच्या फांद्या आणि तपकिरी गोल विटा घेऊन लिंब उभा केला. आता खोड्याच्या चारही बाजूंनी माणूस फिरू शकतो, आणि डॉक्टरीणबाईंना डाव्या कुशीपाशी उभं राहता येतं. पाठीमागं अडकवायची आडवी दांडी राहिली होती, नाहीतर लाथ बसणार. धाकट्यानं शाई संपलेली बॉलपेनची रिफिल आणून दिली. जाडी तीन मिलिमीटरच्या आसपास, इंजेक्शन धरायला जे चिमट्याचे तुकडे होते त्यांत ती टक्कन बसली आणि ओढली की निघते. रिफिल कापताना उरलेली शाई सांडली, सतरंजीवर डाग पडलाय. कापण्याआधी टोक काढून रिफिल पाण्यात फुंकून धुवावी.

8 जून, रविवार

म्हैस.

आईला वाटत होतं म्हैस मातीचीच हवी. बेंदराला मातीचे बैल करतो, मग म्हैस ठोकळ्यांची कशाला? तिनं गेल्या रविवारी शेतातल्या काळ्या मातीची केली होती. रूप इतकं हुबेहूब की थोरलीनं लगेच ओळखलं, "ही चंद्रीच." पंढरपुरी म्हशीची लांब तलवारीसारखी शिंगं, मागं खांद्यापर्यंत गेलेली, अगदी तशी. तिसऱ्या दिवशी ती भेगाळली. काळी माती वाळताना आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या याच. एक पुढचा पाय गळून पडला. आई म्हणाली, "राख घालाय पायजे हुती, माझ्याच ध्यानात न्हाई आलं."

खोड्यात उभी राहायची म्हैस मग काळ्या विटांची केली. अंग दोन बटणं रुंद, चार लांब, पाय एक-बटणी, उंची ठरल्याप्रमाणं 32 मिलिमीटर. डोकं पुढं दोन बटणं. शिंगांवर पाऊण दिवस गेला. पहिल्यांदा आकडेदार तुकडे वर बसवले, तर ती खोड्याच्या वरच्या पट्टीला अडली, आणि थोरली म्हणाली ही मुऱ्हा जातीची झाली, वळलेल्या शिंगांची. मग जुन्या वायरीचं काळं आवरण तांब्यासकट घेतलं, सहा सेंटिमीटरचे दोन तुकडे, डोक्याच्या दोन विटांमधल्या फटीत दाबून मागं वळवले. तांबं आत असल्यानं वळवलेलं तसंच राहतं. शिंगं पाठीला समांतर गेली आणि म्हैस पट्टीखालून न अडता आत शिरली.

मातीची म्हैस थोरलीनं टाकू दिली नाही. तीन पायांवर उभी राहत नव्हती म्हणून तिनं ती बसवली, अंगणाच्या कडेला, आणि सांगितलं की ही काल व्यायलीय, उठत नाहीये, हिला कॅल्शियम लावायचं आहे. दुग्धज्वर, व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून होतो तो. गेल्या वर्षी पहाटे अडीचला शेजारच्या वस्तीवरून बोलावणं आलं होतं, तेव्हा ती माझ्या मागं मोटारसायकलवर बसून आली होती, हट्टानं. बॅटरी तिनंच धरली होती. मॅडमनी मानेच्या शिरेतून बाटली हळूहळू सोडली, मी बाटली धरून होतो, आणि बाटली संपून थोड्या वेळानं म्हैस धडपडून उठली. ते सगळं तिच्या लक्षात आहे. बसलेल्या म्हशीच्या मानेपासून तिनं एक पांढरा दोरा काढून वर पारदर्शक तुकड्याला बांधला. संचाच्या पुस्तिकेत हे कुठंच नव्हतं.

12 जून

छोटी कामं. औषधांच्या कपाटाचा फ्रीज केला, दारावर थोरलीनं "2 ते 8" लिहिलं. लस त्याच तापमानात राहिली पाहिजे. करड्या गोल विटांचा द्रवनत्राचा, म्हणजे लिक्विड नायट्रोजनचा, कंटेनर केला, त्यावर उणे 196. पिवळ्या टिकलीएवढा कागद म्हशीच्या कानाशी चिकटवला, बिल्ला म्हणून. खऱ्या बिल्ल्यावर 12 आकडे असतात, तिथं एकही मावत नव्हता, म्हणून चंद्रीचा पूर्ण नंबर तिनं वहीत लिहून घेतला. वहीवर नाव घातलंय "बाह्यरुग्ण नोंदवही".

धाकट्यानं मामाकडून आणलेला लाकडी खिलारी बैल खोड्याजवळ बांधला. थोरलीनं तो उचलून लांब, वेगळ्या पाटीवर ठेवला. म्हणाली, "याला गाठी आल्यात. लंपी आहे." 2022 साली ती सहा वर्षांची होती. तेव्हा मी पहाटे निघून रात्री यायचो, लंपीसाठी गाई-बैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचत फिरायचो, आणि घरी आल्यावर आधी बाहेर अंघोळ, मग मुलांना जवळ घेणं. धाकटा तर तीनच वर्षांचा, अंघोळ होईपर्यंत दारात रडत उभा असायचा. आज त्यानंच विचारलं, वेगळं का बांधायचं? ती म्हणाली, "माशा, डास, गोचीड चावून दुसऱ्याला देतात." मग दोघांनी मिळून लांबच्या पाटीला छप्पर केलं. त्यासाठी रिसेप्शनचं अर्धं छप्पर गेलं, तिथं आता पुठ्ठा आहे.

15 जून, रविवार

उद्या शाळा सुरू. आज हिशेब लावला. संच 600, सुट्या विटा 280, पेट्रोल 100, गोंद 10, नखपॉलिशचं पाणी 45, नवं खोकं 499. एकूण 1534. त्यातले 280, 100, 10 आणि 45 वाया गेलेले, म्हणजे 435. संच मोजून घेतला असता तर 600 सुद्धा कमी झाले असते. वेळ साधारण 26 तास, आणि मधले अकरा दिवस पावसाचे आणि लसीकरणाचे.

नव्यानं करणाऱ्यानं खोडा पहिल्या दिवशीच आवारात धरावा आणि खोली त्याच्या भोवती उरलेल्या विटांची करावी. आम्ही उलटं केलं, म्हणून एक भिंत दोनदा बांधली. विटांची म्हैस करायला काळ्या विटा 30 तरी हव्यात, संचात 12 होत्या. ससा आणि मांजर टेबलावरच ठेवलेत, त्यांची जागा बदलायची गरज पडली नाही, आणि टेबल आता शेळीच्या करडालाही चालतं.

राहिलेली कामं : आवाराच्या दारात उतार करायचा आहे, पायरीवरून म्हैस येत नाही. लिंबाची एक फांदी ढिली आहे. मागची दांडी धाकटा दिवसातून वीस वेळा ओढतो, त्यामुळं एक चिमटा पांढरा पडायला लागलाय, तुटायच्या आधी दुसरा बघायला हवा.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आपली प्लास्टिकची मेंढी घेऊन आला आणि सरळ खोड्यात घालायला लागला. थोरलीनं त्याचा हात धरला, वही पुढं ओढली आणि विचारलं, "मालकाचं नाव?"